हिशेबलेखनात चॅटबॉटचा वापर

हिशेबलेखनात चॅटबॉटचा वापर म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवादी आज्ञावलींकडून जमाखर्चाच्या दैनंदिन कामात घेतले जाणारे साहाय्य होय. व्यवहाराची नोंद कोणत्या खात्यावर करावी हे विचारणे, आकडेमोडीची सूत्रे तयार करून घेणे, बँकेचा उतारा व रोकडवही यांचा ताळमेळ लावणे, थकबाकीची पत्रे लिहून घेणे आणि कराच्या तरतुदी समजून घेणे ही या साहाय्याची प्रमुख रूपे आहेत. ओपनएआय या कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केल्यानंतर हा वापर वाढीस लागला. जेमिनी, कोपायलट, क्लॉड इत्यादी चॅटबॉटही याच कामासाठी वापरले जातात.

चॅटबॉट हा हिशेबाचा दस्तऐवज ठेवणारी आज्ञावली नसून भाषेवर काम करणारे साधन आहे. त्यामुळे त्याच्या उत्तराला स्वतंत्र पडताळणीची आवश्यकता असते. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी या वस्त्रोद्योगाच्या शहरातील यंत्रमाग व्यवसायाचे हिशेब या दृष्टीने उद्बोधक आहेत. मजुरीवर कापड विणण्याची पद्धत, पिकांवर ठरणारा दर, कामगारांची उचल आणि राज्यनिहाय बदलणारे करनियम यांमुळे चॅटबॉटची उपयुक्तता व मर्यादा या दोन्ही बाजू तेथील व्यवहारांतून स्पष्ट होतात.

पार्श्वभूमी

भारतात देशी नामा पद्धतीने हिशेब ठेवण्याची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रात पेढ्यांचे व सरकारी हिशेब दीर्घकाळ मोडी लिपीत लिहिले जात. कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची कालक्रमाने केलेली नोंद, तर खतावणी म्हणजे त्याच नोंदींची खातेवार मांडणी. खतावणीतील शिलकांवरून तेरीज काढली जाते आणि तेरजेवरून नफा-तोटा पत्रक व ताळेबंद तयार होतो. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या वेळी वह्यांची पूजा करण्याची प्रथा व्यापारी वर्गात आजही पाळली जाते. द्विनोंदी पद्धतीचे पहिले मुद्रित विवेचन इटालियन गणिती लुका पाचोली यांच्या १४९४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आढळते.

संगणकाच्या आगमनानंतर कीर्द व खतावणी यांतील अंतर बरेचसे नाहीसे झाले. नोंद एकदा केली की खतावणी, तेरीज आणि ताळेबंद आपोआप तयार होऊ लागले. भारतात या बदलाशी टॅली या आज्ञावलीचे नाव जोडले गेले आहे. श्यामसुंदर गोएंका व त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी १९८६ साली बेंगळुरू येथे स्थापन केलेल्या कंपनीने ती विकसित केली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, लागू झाल्यावर लहान व्यावसायिकांनाही विवरणपत्रे संकेतस्थळावर ठरावीक मुदतीत भरावी लागू लागली. दरमहा विवरण भरणाऱ्यास विक्रीचा तपशील, म्हणजे जीएसटीआर-१, पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कराचे संक्षिप्त विवरण, म्हणजे जीएसटीआर-३बी, २० तारखेपर्यंत सादर करावे लागते. वर्षअखेरीस एकदा होणारे काम अशा रीतीने महिन्याचे काम झाले. या वाढलेल्या कामाच्या ओझ्यामुळे लहान कार्यालयांना चॅटबॉटची गरज भासू लागली.

कार्यपद्धती

चॅटबॉटच्या मुळाशी मोठे भाषिक प्रारूप असते. प्रचंड प्रमाणातील मजकुरावर प्रशिक्षण दिल्यामुळे एखाद्या शब्दसमूहानंतर कोणता शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज ते बांधते. लेखाशास्त्राची पाठ्यपुस्तके, कायद्यांचे मसुदे व प्रश्नोत्तरे या मजकुरात असल्यामुळे ‘घसाऱ्याची नोंद कशी करावी’ यासारख्या प्रश्नाचे उत्तर बहुधा योग्य मिळते. मात्र हे उत्तर प्रत्येक वेळी कायद्याच्या पुस्तकातून शोधून काढलेले नसते. ते शब्दांच्या संभाव्यतेवरून जुळवलेले असते. अनेक चॅटबॉट आता महाजालावर शोध घेऊन उत्तरासोबत स्रोतही दाखवतात. तथापि तो स्रोत वाचून पाहण्याचे काम वापरकर्त्याकडेच राहते.

अंकांच्या बाबतीतही हीच स्थिती असते. प्रारूप संख्येचे तुकडे करून ती मजकुरासारखी हाताळते. त्यामुळे लांबलचक रकान्याची बेरीज त्याने केवळ ‘बोलून’ केली, तर ती चुकण्याचा संभव असतो. याच कारणासाठी काही चॅटबॉटमध्ये आकडेमोडीसाठी स्वतंत्र संगणकीय संकेत लिहून चालवण्याची सोय करण्यात आली. चॅटजीपीटीच्या सशुल्क ग्राहकांना ती जुलै २०२३ पासून उपलब्ध झाली. अशा वेळी बेरीज भाषेचे प्रारूप करीत नाही, तर संगणक करतो, आणि उत्तराची विश्वसनीयता वाढते.

इचलकरंजीतील हिशेबांचे स्वरूप

पंचगंगा नदीच्या काठी वसलेल्या इचलकरंजीस ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ असे म्हटले जाते. संस्थानकाळात जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. येथील उद्योग विकेंद्रित आहे. सूत व्यापारी, वार्पिंग व सायझिंगचे कारखाने, यंत्रमागधारक, कापड व्यापारी आणि प्रक्रिया उद्योग हे बहुतांशी वेगवेगळ्या मालकीचे घटक आहेत. दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या लहान यंत्रमागधारकास येथे ‘खर्चीवाला’ म्हणतात. कारखान्याचा हिशेब ठेवणारा ‘दिवाणजी’ हाही या व्यवसायातील परिचित घटक आहे.

खर्चीवाल्याच्या हिशेबाचे एक वैशिष्ट्य असे की, त्याच्याकडे आलेले सूत व बीम त्याच्या मालकीचे नसतात. त्यामुळे ती त्याची खरेदी ठरत नाही आणि परत पाठवलेले कापड ही त्याची विक्री ठरत नाही. त्याचे उत्पन्न म्हणजे केवळ विणकामाची मजुरी. ही मजुरी कापडातील प्रति इंच आडव्या धाग्यांच्या, म्हणजे पिकांच्या, संख्येवर ठरते. समजा, दर प्रति पीक ७ पैसे असून ६० पिकांचे ४,००० मीटर कापड विणून दिले. अशा वेळी एका मीटरची मजुरी ४ रुपये २० पैसे आणि एकूण मजुरी १६,८०० रुपये होते. तिच्यावर ५ टक्के दराने ८४० रुपये जीएसटी लागतो. राज्यातल्या राज्यात व्यवहार असल्यास त्याचे केंद्र व राज्य असे प्रत्येकी ४२० रुपयांचे दोन भाग होतात आणि बिल १७,६४० रुपयांचे बनते.

कामगारांची मजुरीही कापडाच्या मीटरवर दिली जाते आणि तिचा मूळ दर ५२ पिकांच्या कापडावर सांगण्याची पद्धत आहे. पिके वाढली किंवा कमी झाली की दर त्या प्रमाणात बदलतो. समजा, ५२ पिकांस प्रति मीटर १ रुपया ४ पैसे दर धरला, तर एका पिकास २ पैसे आणि ६० पिकांच्या कापडास प्रति मीटर १ रुपया २० पैसे मजुरी होते. आठवड्यात १,२५० मीटर कापड निघाल्यास कामगाराची मजुरी १,५०० रुपये होईल. (वरील सर्व दर केवळ आकडेमोड समजण्यासाठी घेतले आहेत.)

उपयोग

सूत्रे व तक्ते तयार करणे: दिवाणजीच्या कामात चॅटबॉटचा सर्वांत निर्धोक उपयोग येथे होतो. एका रकान्यात मीटर, दुसऱ्यात पिके आणि तिसऱ्यात मूळ दर असल्यास मजुरी काढण्याचे सूत्र कोणते, असे विचारल्यास चॅटबॉट तक्त्यात घालावयाचे सूत्र लिहून देतो. आकडेमोड तक्ता करतो आणि एका कामगाराचा हिशेब हाताने करून सूत्र तपासता येते. सूत्र एकदा बरोबर ठरले की ते सर्व ओळींना लागू पडते.

ताळमेळ: बँकेच्या उताऱ्यातील नोंदी व रोकडवहीतील नोंदी यांतील फरक शोधणे हे वेळखाऊ काम आहे. खरेदीच्या बिलांवर भरलेल्या कराची वजावट घेण्यासाठी खरेदीवही आणि संकेतस्थळावर तयार होणारे जीएसटीआर-२बी हे विवरण यांचीही तुलना करावी लागते. पुरवठादाराने आपले बिल विवरणपत्रात दाखवलेच नसेल, तर ते २बी मध्ये उतरत नाही. अशा तुलनेसाठी कोणते रकाने जुळवावेत, बिल क्रमांकातील तिरप्या रेघा व शून्ये कशी काढावीत आणि न जुळणाऱ्या ओळी वेगळ्या कशा कराव्यात, हे चॅटबॉट पायरीपायरीने सांगू शकतो.

नोंदींचे वर्गीकरण: यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्ती खर्चात घालावेत की भांडवली खर्चात, वीजबिलातील अनामत रक्कम खर्च आहे की येणे, वर्षअखेरीस देय राहिलेली मजुरी कशी दाखवावी, अशा प्रश्नांवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. आज्ञावलीत आयात करण्यासाठी नोंदींची फाइल कशी मांडावी, हेही विचारता येते.

पत्रव्यवहार व भाषांतर: थकबाकीची आठवण, पुरवठादारास बिल दुरुस्त करण्याची विनंती, करविभागाच्या नोटिशीचा मराठीतील आशय, तिच्या उत्तराचा कच्चा मसुदा ही कामे चॅटबॉट चटकन करतो. कराच्या नोटिसा बहुधा इंग्रजीत येत असल्यामुळे मराठी माध्यमात शिकलेल्या दिवाणजीस या सोयीचा विशेष उपयोग होतो. मात्र नोटिशीतील कलम, कालावधी, रक्कम व मुदत मूळ कागदावरूनच वाचावी लागते.

अध्ययन: ताळेबंद का जुळत नाही, एखाद्या नोंदीची उलट नोंद कशी करतात, घसारा दोन पद्धतींनी काढल्यास फरक का पडतो, असे प्रश्न न संकोचता पुन्हा पुन्हा विचारता येतात. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी व नवशिके लेखनिक यांना याचा लाभ होतो.

मर्यादा व आढळणाऱ्या चुका

भाषिक संदिग्धता: मराठी हिशेबातील काही शब्दांना स्थानपरत्वे वेगळे अर्थ असतात. ‘उचल’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. पुस्तपालनाच्या पाठ्यपुस्तकांत ‘उचल’ म्हणजे मालकाने स्वतःच्या खर्चासाठी धंद्यातून काढलेली रक्कम. ती भांडवलातून वजा होते. यंत्रमाग कारखान्यात मात्र ‘उचल’ म्हणजे कामगारास आगाऊ दिलेली आणि पुढे मजुरीतून हप्त्याने कापून घेतली जाणारी रक्कम. ती मालकाचे येणे असते. ‘कामगाराची उचल’ असे न लिहिता केवळ ‘उचल ५,००० रुपये’ असे लिहिल्यास चॅटबॉट ती रक्कम मालकाच्या खात्यावर टाकू शकतो. त्यामुळे येणे नाहीसे होऊन भांडवल तेवढेच घटते. ताळेबंद मात्र जुळतो, म्हणून ही चूक सहसा लक्षात येत नाही.

हप्ता कापताना होणारी चूकही अशीच असते. वरील उदाहरणातील कामगाराच्या १,५०० रुपये मजुरीतून उचलीचे २०० रुपये कापून १,३०० रुपये रोख दिले, तर मजुरी खाते १,५०० रुपयांनी नावे पडते. समोर रोख खाते १,३०० रुपयांनी आणि कामगार उचल खाते २०० रुपयांनी जमा होते. ‘कामगारास १,३०० रुपये मजुरी दिली’ एवढेच सांगितल्यास मजुरीचा खर्च २०० रुपयांनी कमी नोंदला जातो आणि कामगाराच्या नावावरील उचल फिटूनही तशीच राहते. चूक दिवाणजीच्या वहीत होते. तिचा भुर्दंड मात्र कामगारास बसतो, कारण फिटलेली रक्कम त्याच्याकडून पुन्हा मागितली जाऊ शकते.

‘जमा’ व ‘नावे’ या शब्दांचाही घोळ होतो. बँकेच्या पासबुकातील ‘जमा’ ही बँकेच्या दृष्टीने असते. खातेदाराच्या स्वतःच्या वहीत तीच रक्कम बँक खात्याच्या नावे बाजूस येते. ‘पावणेदोन लाख’, ‘अडीचशे’, ‘सव्वातीन हजार’ यांसारखे संख्याशब्द आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम यांचे वाचनही काही वेळा चुकते. हस्तलिखित वहीचे छायाचित्र दिल्यास देवनागरीतील १ व ९ किंवा ५ व ६ यांची अदलाबदल होऊ शकते. यावर उपाय म्हणून संख्या अंकांतच लिहिणे आणि वाचून घेतलेल्या रकमांची बेरीज वहीतील बेरजेशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

सामान्य नियम आणि विशेष नियम: चॅटबॉट बहुधा देशभर लागू असलेला सर्वपरिचित नियम सांगतो, अपवाद मागे राहतो. मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाची सर्वसाधारण मर्यादा ५०,००० रुपये आहे. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीसाठी ती १,००,००० रुपये करण्यात आली. शिवाय मजुरीकामासाठी राज्यात ५० किलोमीटरपर्यंत नेल्या जाणाऱ्या हँक, सूत, कापड व तयार कपड्यांना या बिलातून सूट देण्यात आली. सायझिंगच्या कारखान्यातून मागावर जाणाऱ्या बिमास सर्वसाधारण नियम लावल्यास रोजच अनावश्यक बिले काढावी लागतील.

याउलट स्वरूपाची चूक अधिक महागात पडते. महाराष्ट्रात केवळ वस्तूंचा पुरवठा करणाऱ्यास जीएसटी नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा ४० लाख रुपये आहे, तर सेवेसाठी ती २० लाख रुपये आहे. मजुरीवर कापड विणणे ही कायद्याच्या दृष्टीने सेवा होय. ‘कापड विणण्याचा व्यवसाय आहे, नोंदणी केव्हा करावी’ एवढाच प्रश्न विचारल्यास ४० लाखांचे उत्तर मिळू शकते. वर्षाला ३० लाख रुपये मजुरी मिळवणारा खर्चीवाला त्यावर विसंबून राहिला, तर पुढे कर, व्याज व दंड या तिन्हींचा भार त्याच्यावर येतो.

कालबाह्य माहिती: प्रारूपाच्या प्रशिक्षणाला विशिष्ट तारखेची मर्यादा असते. मानवनिर्मित धाग्याच्या सुतावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यापूर्वीच्या माहितीवर आधारलेले उत्तर जुना दर सांगू शकते. आयकर अधिनियम, १९६१ याच्या जागी आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. उदाहरणार्थ, ठेकेदारास देय रकमेवरील उद्गम करकपात जुन्या अधिनियमात कलम १९४सी खाली होती; नव्या अधिनियमात वेतनेतर करकपातीच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र करण्यात आल्या आहेत. जुन्या वर्षांच्या प्रकरणांना मात्र जुना अधिनियमच लागू राहतो. म्हणून प्रश्न विचारताना व्यवहाराची तारीख सांगणे महत्त्वाचे ठरते.

अर्धवट उत्तरे: सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी वेळेत चुकती न केल्यास खरेदीदारास त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, ही तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. लेखी करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची आणि करार असल्यास कमाल ४५ दिवसांची असते. चॅटबॉटचे उत्तर अनेकदा ‘४५ दिवस’ एवढ्यावर थांबते. तोंडी शब्दावर चालणाऱ्या सूत-कापडाच्या व्यवहारात १५ दिवसांची अटच अधिक वेळा लागू पडू शकते.

बनावट दाखले: अस्तित्वात नसलेला न्यायनिवाडा, परिपत्रक किंवा कलम खऱ्याच्या थाटात सांगणे हा भाषिक प्रारूपांचा गंभीर दोष मानला जातो. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या एका आदेशात अस्तित्वात नसलेल्या न्यायनिवाड्यांचे दाखले असल्याचे आढळल्यावर तो आदेश मागे घेण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केएमजी वायर्स प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीच्या याचिकेवर निर्णय देताना करनिर्धारणाचा आदेश रद्द केला. त्या आदेशात आधार म्हणून घेतलेले न्यायनिवाडे प्रत्यक्षात आढळत नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेली माहिती न पडताळता वापरू नये, असे न्यायालयाने त्या वेळी बजावले. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियात डेलॉइट या संस्थेने सरकारला दिलेल्या अहवालात असेच खोटे संदर्भ आढळल्याने शुल्काचा काही भाग परत करण्याचे मान्य केले. करविभाग, न्यायाधिकरण व मोठी लेखासंस्था या तिन्ही ठिकाणी हा दोष शिरू शकला, यावरून लहान कार्यालयांनी घ्यावयाच्या दक्षतेची कल्पना येते.

गोपनीयता

हिशेबाच्या कागदांत पॅन, आधार क्रमांक, बँक खात्याचे तपशील, ग्राहकांची नावे व दर, कामगारांची मजुरी व कर्जे असा संवेदनशील मजकूर असतो. सार्वजनिक चॅटबॉटमध्ये भरलेला मजकूर सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकांवर जातो. काही सेवांमध्ये तो प्रारूपाच्या पुढील प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो, तर काहींमध्ये तसे होऊ नये यासाठी पर्याय निवडता येतो. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत अशी सूचना दिली.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ यास ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अधिनियमातील मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत असून गंभीर उल्लंघनासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. इचलकरंजीसारख्या शहरात अनेक यंत्रमागधारकांचे हिशेब एकाच करसल्लागाराकडे असू शकतात आणि ते यंत्रमागधारक एकमेकांचे स्पर्धकही असतात. अशा ठिकाणी एकाचा दर दुसऱ्यास कळणे हा व्यवसायाच्या विश्वासाचा प्रश्न असतो. यासाठी नावांऐवजी ‘ग्राहक क’, ‘कामगार १’ अशी खूण वापरणे, ओळखीचे क्रमांक काढून टाकणे आणि संपूर्ण वही न देता केवळ मांडणी सांगून सूत्र विचारणे हे सोपे उपाय आहेत.

कायदेशीर जबाबदारी

चॅटबॉटच्या सल्ल्यावरून चूक झाली, ही सबब कर कायद्यात स्वीकारली जात नाही. विवरणपत्रातील मजकुराची जबाबदारी करदात्याची असते आणि लेखापरीक्षण अहवालाची जबाबदारी त्यावर स्वाक्षरी करणाऱ्या सनदी लेखापालाची असते. जीएसटीआर-३बी उशिरा भरल्यास कर देय असताना सर्वसाधारणपणे दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. कंपन्यांच्या हिशेबाच्या आज्ञावलीत प्रत्येक बदलाचा माग राखणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. चॅटबॉटशी झालेला संवाद हा मूळ दस्तऐवज ठरत नाही. बिल, चलन, बँकेचा उतारा व सही केलेला पगारपट हेच पुरावे राहतात.

पडताळणीची पद्धत

हिशेबलेखनातील प्रचलित तपासण्या चॅटबॉटच्या उत्तरालाही लागू करता येतात. त्या पुढीलप्रमाणे :

१. प्रश्नात वही कोणाची आहे (व्यापाऱ्याची की खर्चीवाल्याची), राज्य कोणते, व्यवहाराची तारीख काय आणि व्यवहार वस्तूचा की मजुरीचा, हे स्पष्ट लिहावे.

२. बेरीज-गुणाकार चॅटबॉटकडून न करवता तक्त्यातील सूत्राने करावेत आणि एक ओळ हाताने ताडून पाहावी.

३. प्रत्येक नोंदीत नावे व जमा रकमा समान आहेत का, हे पाहण्याबरोबरच खाते योग्य निवडले आहे का, हेही पाहावे. तेरीज जुळल्याने पहिली गोष्ट सिद्ध होते, दुसरी होत नाही.

४. दर, मर्यादा व मुदत यांची खात्री जीएसटी परिषद, आयकर विभाग किंवा राज्य कर विभाग यांच्या अधिसूचनेवरून करावी. उद्धृत केलेला न्यायनिवाडा प्रत्यक्ष वाचल्याशिवाय उत्तरात घालू नये.

५. त्याच प्रश्नाची भाषा बदलून तो पुन्हा विचारावा. दोन उत्तरांत तफावत आल्यास ती जाणकारास विचारण्याची खूण समजावी.

६. कामगाराच्या उचलीची शिल्लक दर आठवड्यास त्याला दाखवून त्याची सही घ्यावी. ही पद्धत संगणकापूर्वीची असली तरी यंत्राने केलेली चूक ज्याला सोसावी लागते, त्याच्याच नजरेस ती सर्वांत आधी येते.

रोजगारावरील परिणाम

चॅटबॉटमुळे नोंदी उतरवून घेणे, पत्रे लिहिणे व तक्ते बनवणे या कामांचा वेळ कमी होतो. त्यामुळे केवळ ही कामे करणाऱ्या लेखनिकांच्या रोजगाराविषयी चिंता व्यक्त केली जाते. यापूर्वी संगणकीय आज्ञावलींनी खतावणी करणाऱ्यांचे काम असेच कमी केले. मात्र जीएसटीनंतर विवरणपत्रे व ताळमेळ यांचे नवे काम निर्माण झाले. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने २०२४ साली आपल्या सदस्यांसाठी ‘सीए जीपीटी’ हे साधन उपलब्ध करून दिले, तसेच कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रशिक्षणही सुरू केले.

यंत्रमागाच्या कार्यालयात दिवाणजीचे काम आकड्यांपुरते मर्यादित नसते. कोणत्या बिमाचे कापड कमी निघाले, कोणत्या व्यापाऱ्याने दोषाची वजावट जास्त लावली, कोणत्या कामगाराला सणाच्या तोंडावर उचल लागेल, ही माहिती बिलावर नसते. ती कारखान्यात रोज वावरणाऱ्या माणसाकडे असते. चॅटबॉटला नेमका प्रश्न विचारण्यासाठी आणि त्याचे उत्तर खरे की खोटे हे ओळखण्यासाठी याच माहितीची गरज भासते.